कृपा आणि तिसरा माणूस



ख्रिस्ती माणूस महाराष्ट्रात वाढला की एक टोमणा त्याला लहानपणापासून पाठ होतो. शाळेत, कॉलेजात, पुढे नोकरीत कुणी ना कुणी डोळे मिचकावून म्हणतंच, ‘तुमचं बरं आहे बुवा. आठवडाभर काय वाट्टेल ते करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, झाली पाटी कोरी!’ हिंदी सिनेमाने या टोमण्याला चित्रही पुरवलं. लाकडी जाळी, पलीकडे पांढऱ्या झग्यातला फादर, अलीकडे घाम पुसणारा खुनी. मी प्रॉटेस्टंट घरातला. आमच्याकडे ती जाळी नाही. पण टोमणा मारणाऱ्याला एवढा फरक कुठे ठाऊक असतो? आणि खरं सांगायचं तर त्या फरकाने टोमण्याची धार कमी होत नाही, वाढतेच. आमच्याकडे कानात सांगण्याचेही कष्ट नाहीत.

या टोमण्याला खोडून काढायला मी आज उभा राहिलेलो नाही. तो अर्धा खरा आहे, आणि तो बाहेरच्यांनी शोधलेलाही नाही. इसवी सन 57च्या सुमारास पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं. जिथे पाप वाढलं तिथे कृपा त्याहून अधिक वाढली, असं त्यात तो सांगतो आणि लगेच स्वतःच आक्षेप घेतो: मग कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहायचं की काय? उत्तर अर्थातच ‘मुळीच नाही’ असं आहे. पण प्रश्न त्याला विचारावा लागला, याचा अर्थ तसं म्हणणारे लोक समोर होते. यहूदाच्या छोट्याशा पत्रात तर देवाच्या कृपेला स्वैराचाराचा परवाना करणाऱ्यांवर थेट कोरडे ओढले आहेत. म्हणजे कृपेचा गैरवापर कृपेच्या शिकवणुकीइतकाच जुना.

गैरवापराकडे जाण्याआधी मूळ गोष्टीपाशी थोडं थांबू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो आणि दिवसाचा एक दीनार ठरवतो. मग नऊ वाजता, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, इतकंच काय, दिवस मावळायला तास उरला असताना नाक्यावर उभ्या असलेल्यांनाही कामावर घेतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दीनार ठेवतो. पहाटेपासून उन्हात राबलेले अर्थातच चिडतात. आपल्या रोजगार हमीच्या कामावर असा मुकादम आला तर पहिल्याच संध्याकाळी काम बंद पडेल. पण दाखल्यातला धनी हिशेबात चुकलेला नाही. पहाटेच्या मजुराला ठरलेला दीनार पुरा मिळाला आहे. त्याला सलतं ते दुसऱ्याला मिळालेलं. ख्रिस्ती धर्मात कृपा म्हणतात ती हीच: लायकी नसताना, कमावलेली नसताना, मागायचंही सुचलेलं नसताना देवाने आपणहून दिलेली. ती ऐकायला गोड वाटते. पचायला जड जाते, विशेषतः उन्हात राबलेल्यांना.

पेलाजियसला ती पचली नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये राहणारा हा ब्रिटिश तपस्वी. त्याच्याबद्दल मला नेहमीच थोडी सहानुभूती वाटत आली आहे, आणि आमच्या काही पाळकांना ते खपत नाही. खाऊनपिऊन सुखी असलेले रोमन ख्रिस्ती तो रोज पाहत होता. देवानेच दिलं तर आम्ही चांगले होऊ, आमच्या हाती काय आहे, असं म्हणून ते सुस्त पडून होते. देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळायची कुवतही दिलीच आहे, उठा आणि पाळा, असं पेलाजियसचं म्हणणं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला. माणसाची इच्छाच आजारी आहे, तिला उठ म्हणून सांगून ती उठत नाही, हा त्याचा मुद्दा. सन 418च्या कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचं मत त्याज्य ठरवलं. ऑगस्टीन खोल होता यात वाद नाही. पण पेलाजियसला ज्या माणसांची चीड आली होती ती परिषदेच्या ठरावाने नाहीशी झाली नाहीत. त्यांना उलट एक अधिकृत सिद्धान्त मिळाला.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. पापक्षमेचा विषय निघाला की आपल्यासमोर दोघेच येतात: देव आणि पापी. एक वर, एक गुडघ्यावर. पण बहुतेक पापांत तिसरा माणूस असतो. ज्याचं घर बुडालं, जिचं शरीर ओरबाडलं, ज्याची मजुरी खाल्ली, तो किंवा ती. कृपेचा गैरवापर सुरू होतो तो या तिसऱ्या माणसाला खोलीबाहेर ठेवून दार लावून घेतलं की. बाकीचा इतिहास हा ते दार कसकसं लावलं गेलं त्याचा इतिहास आहे.

खुद्द बायबलमध्ये याचं उदाहरण आहे. दावीद राजाने बथशेबेला वाड्यात आणवलं आणि तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढच्या फळीत उभं करून मारवलं. परंपरेने याच प्रसंगाशी जोडलेलं 51वं स्तोत्र पश्चात्तापाचं सर्वोत्तम स्तोत्र मानलं जातं. त्यात राजा देवाला म्हणतो, मी अपराधी आहे तो फक्त तुझाच. प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, असं धर्मपंडित यावर सांगतात. असेल. पण उरीया पुरला गेला होता आणि त्या स्तोत्रात त्याचं नाव नाही. नाथान संदेष्ट्याला हे कळलं होतं. दरबारात येऊन त्याने धर्मशास्त्र सांगितलं नाही, एका गरिबाची आणि त्याच्या एकुलत्या एक कोकराची गोष्ट सांगितली. तिसऱ्या माणसाला त्याने राजापुढे आणून उभं केलं.

मध्ययुगात दार लावायला कागद आला. जर्मनीतल्या माइन्झ शहरात 1454-55 साली, म्हणजे गुटेनबर्गचं बायबल छापून होत होतं त्याच सुमाराला, तिथे छापलेलं इंडल्जन्स आजही पाहायला मिळतं. इंडल्जन्स म्हणजे पापाच्या दंडातून सूट देणारं पत्र. तुर्कांविरुद्ध सायप्रसच्या राजाला मदत म्हणून पैसे देणाऱ्यांसाठी ते होतं. एकतीस ओळींचा मजकूर, आणि मध्ये जागा सोडलेली: इथे नाव, इथे तारीख. युरोपात खिळ्यांनी छापलेला आणि तारीख असलेला सर्वांत जुना मजकूर बघायला गेलो तर हाती कोरी जागा असलेला फॉर्म येतो. मला त्या कोऱ्या जागेचं फार नवल वाटतं. पैसे देणाऱ्याच्या नावाला जागा आहे. त्याने ज्याचं वाईट केलं त्याच्या नावाला नाही. छापणाऱ्याला तशी जागा ठेवायचं सुचलंही नसेल.

साठ वर्षांनी या धंद्याने कळस गाठला. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त एकाच वेळी अनेक बिशपपदं घेऊन बसला. त्यासाठी रोमला भरायचे पैसे त्याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्जाऊ घेतले. कर्ज फिटावं म्हणून आपल्या प्रांतात इंडल्जन्स विकायची परवानगी त्याला मिळाली: निम्मी रक्कम रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, निम्मी फुगरच्या हप्त्यांना. विक्रीला योहान टेट्झेल हा डॉमिनिकन संन्यासी फिरे आणि त्याच्यासोबत पेढीची माणसं. ऐपतीप्रमाणे दर ठरलेले होते. राजेरजवाडे आणि बिशप यांनी 25 सोन्याचे गुल्डेन द्यावेत, खालच्यांनी उतरत्या क्रमाने, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने उपास-प्रार्थनेवर भागवावं. पश्चात्ताप आणि पापनिवेदन हवंच, हे पत्र फक्त उरलेल्या दंडापुरतं, असं शास्त्र होतं. बाजारात शास्त्र कोण ऐकतो? विटेनबर्गची माणसं सरहद्द ओलांडून यूटरबोगला जात, पत्र घेऊन परत येत आणि पाळकापुढे नाचवत. तो पाळक मार्टिन ल्यूथर. 31 ऑक्टोबर 1517ला त्याने 95 प्रमेयं मांडली, त्यातलं पहिलंच असं की ख्रिस्ती माणसाचं अवघं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. एकदा करून पावती घ्यायची ती गोष्ट नव्हे. पुढे 1567 साली पाचव्या पायस पोपने पैशाशी बांधलेली इंडल्जन्सं रद्द केली, हे आमचे प्रॉटेस्टंट वक्ते सांगायचं हमखास विसरतात.

आमची गंमत पुढेच आहे. ल्यूथरने कागद फाडला, किंमत काढून टाकली, कृपा फुकट आहे असं सांगितलं. ते बरोबरच होतं. पण त्याच्याच शिष्यांतला योहान आग्रिकोला म्हणू लागला, की कृपा आली, आता नियमशास्त्र शिकवायची गरजच उरली नाही. ल्यूथरला म्हातारपणी आपल्याच शिष्याशी भांडावं लागलं. फुकट मिळालेल्या वस्तूची आपण काय गत करतो हे आग्रिकोलाने दाखवलं, आणि चार शतकांनी ते संपूर्ण राष्ट्राने दाखवलं.

डिट्रिख बोनहोफर हे नाव काहींनी ऐकलं असेल. हा तरुण जर्मन पाळक 1934 साली भारतात यायच्या तयारीत होता. जर्मनीतलं चर्च हिटलरपुढे झुकत चाललं होतं, आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचन खरोखर जगून पाहणारा माणूस त्याला युरोपात दिसेना. म्हणून त्याने गांधीजींना पत्र टाकलं. 1 नोव्हेंबर 1934चं गांधीजींचं उत्तर वर्ध्याहून गेलं: या, दरमहा शंभरेक रुपयांत खर्च भागेल, थंडीत आलात तर बरं. गांधीजींचा रोकडा व्यवहार त्यातही सुटलेला नाही! बोनहोफर आला नाही. हिटलरला न मानणाऱ्या कन्फेसिंग चर्चने त्याला तरुण पाळकांची शाळा चालवायला बोलावलं. बाल्टिक समुद्राकडच्या फिंकेनवाल्डे गावात 1935पासून ती शाळा चालली आणि 1937च्या सप्टेंबरात गेस्टापोने तिला सील ठोकलं. त्याच वर्षी त्याचं ‘नाखफोल्गे’ हे पुस्तक निघालं. नावाचा अर्थ ‘मागे चालणं’.

स्वस्त कृपा हा आमच्या चर्चचा जिवावरचा शत्रू आहे, असं त्यात तो म्हणतो. पश्चात्ताप न मागता दिलेली क्षमा, शिस्त न लावता दिलेला बाप्तिस्मा, ख्रिस्ताच्या मागे न चालता मिळणारी कृपा ती स्वस्त. त्याचा सगळ्यांत झोंबणारा मुद्दा ल्यूथरबद्दल आहे. आयुष्यभर झगडून, स्वतःला झिजवून ल्यूथर ज्या उत्तराशी पोहोचला, ते उत्तर वारसांनी पहिल्या पानावर उतरवून घेतलं आणि गणित सोडवायचंच टाळलं. हे 1937च्या जर्मनीत लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवा. रविवारी देवळं भरत होती, प्रभुभोजन होत होतं, पापक्षमेचा उच्चार होत होता, आणि ज्यू शेजाऱ्याचं दुकान फुटत होतं. तिसरा माणूस त्या देवळाच्या दाराशी उभा होता.

बोनहोफर पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला, 1943च्या एप्रिलात पकडला गेला आणि 9 एप्रिल 1945ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी गेला. त्याला संत करून भिंतीवर टांगायची घाई मात्र नको. तुरुंगातून जुलै 1944मध्ये त्याने मित्राला लिहिलं, की त्या पुस्तकातले धोके आता मला दिसतात. तरी लिहिलेलं नाकारत नाही. पवित्र होण्याचा ध्याससुद्धा माणसाला स्वतःभोवतीच फिरवतो, हे त्याला कळलं होतं.

युद्धानंतर काय झालं ते अधिक बोलकं आहे. दोस्त राष्ट्रांनी नाझी लोकांची छाननी सुरू केली. सुटण्यासाठी चारित्र्याचा दाखला लागे, कुणीतरी प्रतिष्ठिताने दिलेला. या दाखल्यांना लोकांनी नाव दिलं ‘पर्सिलशाइन’. पर्सिल हा तिथला घराघरातला कपडे धुण्याचा साबणचुरा. असे दाखले लिहून देणाऱ्यांत दोन्ही पंथांचे धर्मगुरू मोठ्या संख्येने होते. प्रॉटेस्टंट चर्चने 1945च्या ऑक्टोबरात स्टुटगार्टला आपल्या अपराधाची जाहीर कबुली दिली, पण त्या निवेदनात ज्यूंचा उल्लेख नव्हता. ल्यूथरच्या देशात पुन्हा कोरी जागा असलेला कागद फिरू लागला होता, या वेळी विनामूल्य.

आता जरा सावकाश जायचं आहे, कारण पुढचा माणूस तुम्हाला आवडतो. निदान त्याचं गाणं आवडतं. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत इंग्रजी शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. लग्नात वाजतं, मयताला वाजतं. लिहिणारा जॉन न्यूटन, जन्म 1725, लंडन. त्याची कथा व्यासपीठावरून अशी सांगतात: गुलामांचा व्यापार करणारा एक नीच खलाशी होता, वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, व्यापार सोडला आणि हे गीत लिहिलं. मीही लहानपणी रविवारच्या शाळेत अशीच ऐकली.

तारखा वेगळं सांगतात. वादळ मार्च 1748मधलं. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजावर आधी दुय्यम अधिकारी आणि 1750पासून कप्तान झाला. व्यापार सोडला 1754मध्ये, तोही अचानक झटका येऊन पडल्यावर प्रकृतीच्या कारणाने. म्हणजे कृपा मिळाल्यानंतर सहा वर्षं तो माणसं विकत होता. जहाजावर दर रविवारी दोनदा उपासना घेई. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. डिसेंबर 1752मधल्या एका नोंदीत तो लिहितो, की देवाच्या कृपादृष्टीने गुलामांच्या बंडाचा कट वेळीच उघडकीस आला. काही मुलांनी दिलेल्या माहितीवरून झडतीत सुऱ्या, दगड आणि एक छिन्नी सापडली. मग ही हत्यारं पुरवणाऱ्या मुलांना बेड्या घालून, पुरती कबुली मिळावी म्हणून अंगठे चिरडायच्या स्क्रूत त्यांचे अंगठे घातले. थोडेसेच, असंही तो नोंदवतो.

पापाची कबुली देऊन मोकळा झालेला माणूस मुलांचे अंगठे पिळून कबुली काढतो आणि त्याच पानावर देवाचे आभार मानतो. यात ढोंग नाही, आणि भयंकर आहे ते हेच. ढोंगी माणसाला निदान काहीतरी लपवायचं असतं. न्यूटनला लपवायचं काही सुचतच नव्हतं. त्याच्या आणि देवाच्या मध्ये ती मुलं कुठे दिसतच नव्हती. व्यापारात असताना कधी मनाला टोचलं नाही, असं 1764 साली छापलेल्या आत्मकथनात त्याने स्वतःच लिहिलं आहे. त्याच वर्षी तो ऑल्नीला पाळक झाला. ते गीत त्याने 1773च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी रचलं, आणि त्या दिवशीचा प्रवचनाचा उतारा होता पहिल्या इतिहासाच्या 17व्या अध्यायातला, दावीद राजाच्या कृतज्ञतेचा. पुन्हा दावीद! गीतात ‘मी’ आहे, देव आहे. जहाजाच्या तळघरात साखळदंडाने जखडलेलं कुणी नाही.

त्याला ते दिसायला 1788 साल उजाडावं लागलं. व्यापार सोडून चौतीस वर्षं झाली होती. विल्यम विल्बरफोर्स आणि त्याचे सहकारी गुलामगिरीविरुद्ध उठले होते, आणि म्हाताऱ्या न्यूटनने एक पुस्तिका छापली. कबुली द्यायला फार उशीर झाला, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. तिथे पुन्हा तो स्क्रू येतो, आणि आता त्यात ‘थोडेसे’ काही नाही. त्या यंत्राखाली माणसांना तासन्‌तास, दिवसच्या दिवस तळमळताना पाहिलं, असं तो लिहितो. त्या वाक्यातही ‘पाहिलं’ आहे, ‘केलं’ नाही, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. पण म्हाताऱ्याला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं, की पुस्तिका खासदारांपर्यंत पोहोचली, प्रिव्ही कौन्सिल आणि संसदेच्या चौकशीपुढे तो स्वतः बोलला. जहाजात माणसं कशी ठासतात, दोन माणसांत अंतर किती, हे सांगणारा कप्तान समोर असला की व्यापाऱ्यांच्या वकिलांना बोलायला फारसं उरत नसे. व्यापारबंदीचा कायदा मार्च 1807मध्ये झाला. न्यूटन त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारला. वादळातल्या त्या रात्री मी पुरता विश्वासणारा झालो होतो असं मला म्हणवत नाही, अशी कबुली त्याने दिली होती. व्यासपीठावरच्या कथेपेक्षा तो स्वतः कितीतरी प्रामाणिक होता.

त्याच गीताची पुढची गोष्ट 2015 सालची. अमेरिकेत चार्ल्सटनला कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बायबल-अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी कोर्टात काही नातलगांनी त्याला सांगितलं, की आम्ही तुला क्षमा केली. राष्ट्राध्यक्ष ओबामा अंत्यविधीच्या भाषणात ‘अमेझिंग ग्रेस’ गायले. ती क्षमा थोर होती, कारण ज्यांची माणसं मारली गेली त्यांनीच ती दिली होती. ती द्यायचा हक्क त्यांचाच होता. पण लगोलग टीव्हीवर देशभरचे लोक त्या क्षमेचं इतकं कौतुक करू लागले, की अजून क्षमा न करू शकलेले नातलग अवघडून गेले. दुसऱ्याच्या क्षमेवर आपण हलकं व्हायचं, हाही स्वस्तपणाच.

अमेरिकेला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून घरचं सांगतो. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीतली गोष्ट, गाव आणि नावं सोडून. हंगामाच्या सणाला आमच्याकडे लोक भोपळे, अंडी, कोंबड्या, ज्वारीची पायली आणतात आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एका वर्षी लिलावाचे पैसे देवळाच्या छपराच्या पत्र्यांसाठी होते. एका विधवा बाईने आपलं बोकड आणून बांधलं होतं. खजिनदाराने ते पैसे खाल्ले. दोन वर्षांनी उज्जीवन सभेत तो उभा राहिला, ढसाढसा रडला, साक्ष दिली, बाहेरून आलेल्या वक्त्याने त्याला मिठी मारली, हालेलुयाने मंडप दुमदुमला. रडणं खरं होतं. मी तिथे होतो. पुढच्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत त्या म्हातारीने विचारलं, पत्रे कधी येणार? कमिटीतले एक जण समजुतीने म्हणाले, ‘मावशी, प्रभूने ते विसरून टाकलं. आता तुम्ही कशाला उकरता?’ मावशी म्हणाल्या, ‘प्रभूनं त्याचं इसरावं. बोकड माझं व्हतं.’

ऑगस्टीनपासून आजवर कृपेवर लिहिलेल्या ग्रंथांत या उत्तराला तोड मिळणं कठीण. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कयही तेच सांगतो. हा जकातदारांचा प्रमुख, लोकांना पिळून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी आपणहून जेवायला जातो, कुठलीही अट न घालता. कृपा आधी येते. आणि जक्कय ताटावरून उठून उभा राहतो, निम्मी मालमत्ता गरिबांना देईन म्हणतो, ज्याला ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करीन म्हणतो. परतफेड करून त्याने कृपा विकत घेतली नाही, ती आधीच त्याच्या घरात बसून जेवत होती. पण ती घरात आली आणि लुबाडलेली माणसं एकेक करून त्याला आठवू लागली. जिथे ती आठवत नाहीत तिथे जेवायला कोण आलं होतं, याची मला शंका येते.

आमच्या मंडळ्यांत आणखी एक प्रकार चालतो आणि त्यावर उघड बोलायची वेळ झाली आहे. नवरा दारू पिऊन मारतो. बाई पाळकांकडे येते. नवऱ्याला बोलावतात, तो मान खाली घालून चुकलो म्हणतो, सगळे मिळून प्रार्थना करतात आणि बाईला सांगतात, आता तू क्षमा कर, सातदा नव्हे तर सत्तर वेळा सातदा. ती करते. घरी जाते. पुढच्या महिन्यात पुन्हा डोळा काळा-निळा. येशूने ते गणित पेत्राला सांगितलं होतं, मारणाऱ्याच्या बाजूने पंचांना नव्हे. आणि हेच पंच लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला मात्र प्रभुभोजनाला बसू देत नाहीत, तिला मंडळीपुढे उभी करतात. खजिनदाराला हालेलुया आणि हिला शिस्त. कृपेत उच्च-नीच नाही असं आम्ही शिकवतो, वाटप मात्र पाहुण्यारावळ्यांचा मान बघूनच होतं. लग्न जुळवताना जात विचारणारेही याच पंक्तीला असतात. त्यावर स्वतंत्र व्याख्यान लागेल.

पंडिता रमाबाईंनी हे वाटप उलटं केलं. इंग्लंडमध्ये 1883 साली बाप्तिस्म्याच्या सुमारास त्या लंडनजवळच्या फुलम इथे सिस्टरांनी चालवलेलं पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांचं घर पाहायला गेल्या. अशा स्त्रियांना आपल्या समाजात कसं हाकलतात हे त्यांना ठाऊक होतं. इथे त्यांना कुणी मायेने वागवताना पाहून त्या चकित झाल्या. असं का वागता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना येशूने जिला झिडकारलं नाही त्या शोमरोनी स्त्रीची बायबलमधली गोष्ट वाचायला दिली गेली. तरी त्या भारावून गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. धर्ममतांवरून आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टरांशी त्या वर्षानुवर्षं पत्रांतून भांडल्या. ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी गवसला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पुढे दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि बाया यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि तिथे वापरून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी वेगळं घर काढलं. नाव ठेवलं कृपासदन. तिथे स्त्रीने नुसती रडून साक्ष द्यावी आणि परत जावं अशी सोय नव्हती. तिला निजायला जागा होती, अक्षरओळख होती, हाताला काम होतं. मुक्तीत माग होते, तेलघाणा होता, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेल्या मराठी बायबलचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. रमाबाई 1922च्या एप्रिलात गेल्या. ते बायबल 1924 साली संपूर्ण बाहेर आलं. माइन्झच्या छापखान्यातून नावाला कोरी जागा असलेला कागद निघाला होता. केडगावच्या छापखान्यात, ज्यांच्या नावाला कुठेच जागा नव्हती, त्या स्वतः यंत्रापाशी उभ्या होत्या.

या सभागृहात चर्चच्या कमिट्यांवर काम करणारी बरीच मंडळी आहेत आणि इतर धर्मांतली, इतर संस्थांतली पंचमंडळीही आहेत. ख्रिस्ती नसलेल्यांनी हा फक्त आमचा प्रश्न समजू नये; माफीनामे तुमच्याकडेही लिहून घेतले जातात. तुम्हा सगळ्यांना एक साधी विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर रडत उभा राहिला आणि क्षमा मागू लागला, तर त्याचं अवश्य ऐका. पण त्याच बैठकीला ज्याचं नुकसान झालं त्यालाही बोलवा, त्याला आधी बोलू द्या, आणि बोकडाची किंमत इतिवृत्तात लिहून ठेवा.